दुसऱ्या पाळीची यादी

२० जानेवारी

ही डायरी एका औषध कंपनीच्या माणसानं फुकट दिली. प्रत्येक पानाखाली ॲसिडिटीच्या गोळीची जाहिरात आहे. असू दे. आज माझी लॅब उघडली! सहा वर्षं दुसऱ्याच्या लॅबमध्ये दुसऱ्यांच्या नावाखाली रक्तं तपासली, आज दारावर माझं नाव आहे. वडगावात, परशरामअण्णांच्या मागांच्या शेडला लागून असलेली पुढची खोली. भिंतीपलीकडे बारा माग खटाखट चालतात आणि माझं टेबल थरथरतं, म्हणून मायक्रोस्कोपखाली रबराच्या चकत्या घातल्या. आता चित्र स्थिर दिसतं. मी सकाळपासून आठ वेळा बघितलं, काचेवर काही नसताना.

आप्पा, माझा बाप, मागावरचा स्वतःचा जुना लाकडी धोटा घेऊन आला. अख्खं आयुष्य त्यानं त्याच शेडमध्ये विणण्यात घातलं, अजूनही तिथंच विणतो. धोटा मायक्रोस्कोपशेजारी ठेवून त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाला, "माझं हत्यार तुझ्या हत्याराशेजारी." मला रडू आलं, पण पाहुण्यांसमोर आवरलं. मग आप्पाला हुक्की आली. त्यानं धोट्यात सुताची कांडी बसवली, बाजूच्या बारीक भोकाला तोंड लावून एक झुरका मारला आणि धागा सर्रकन बाहेर! लोक शिट्टी मारतात तितक्या सहज तो हे करतो. लहानपणी माझी आणि चुलत भावंडांची ह्याच्यावर शर्यत लागायची.

"पूजेतला धोटा उष्टा केलास की रं!" बायाक्का ओरडली. ती आप्पाची थोरली बहीण. आई गेल्यापासून घर तिच्याच ताब्यात आहे, आणि एकाच्या पेल्यातलं पाणी ती दुसऱ्याला पिऊ देत नाही.

"धोट्याला कसलं उष्टं?" आप्पा म्हणाला, आणि सगळे हसले.

२३ जानेवारी

नोंदणीच्या कागदांबरोबर आरोग्य खात्यानं एक यादी दिली होती. हे रोग सापडले, नुसता संशय आला तरी, कळवणं बंधनकारक. चोवीस तासांच्या आत. मी ती मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावली: पटकी, घटसर्प, गोवर, डेंगी, क्षय आणि बाकीचे. परशरामअण्णा डोकावून म्हणाले, "जत्रेच्या पट्टीची यादी काय गं ही?" म्हटलं, "व्हय अण्णा, ह्यात नाव आलं की सरकार घरी येतंय." ते खो खो हसले.

आज साखर तपासायला चार जण, एक थायरॉईड. यादीतलं काही नाही. मला थोडं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याबद्दल लाज वाटली. म्हणून इथं लिहून ठेवते.

४ फेब्रुवारी

सापडला! यादीतला, पहिलाच!

सकाळी दहाला बायको युवराजला घेऊन आली. अण्णांच्या शेडमध्ये पहिल्या पाळीला सात नंबरचा माग चालवतो, तिशीचा, एरवी नुसता धिंगाणा. आज बोलता येत नव्हतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, 'टॉन्सिल, घशाचा स्वॅब बघावा'. तोंड उघडायला लावून बॅटरी मारली, तर घशात करडा पापुद्रा. कापसाची काडी लावली तर सुटेना, कडेनं रक्त आलं. स्वॅब घेतला, काचेवर पसरला, रंग दिला. बघते तर हिरव्या बारीक काड्या, टोकांना काळसर निळे ठिपके, एकमेकींवर तिरक्या पडलेल्या. पुस्तकात असतात तशाच! घटसर्प! सहा वर्षांत फक्त चित्रात बघितलेला. मी खुर्चीवरून उठून उडी मारली, खोटं कशाला बोलू. मग बाकावर युवराज भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेला दिसला आणि उडीची लाज वाटली.

फोटो काढून डॉ. माधवींना पाठवला. त्या माझ्या अहवालांवर सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट, आठवड्यातून दोनदा येतात. मग गल्लीतल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवा, ते कळवतील. आपण कशाला मध्ये?" तेवढ्यात माधवी मॅडमचा फोन: "रक्षा, कल्चर होईपर्यंत थांबू नकोस. मीही कळवते, तूही आत्ताच्या आत्ता कळव. दोघींनी कळवलं तर काही बिघडत नाही. कोणीच नाही कळवलं तर बिघडतं."

फोन फिरवणार तोच परशरामअण्णा दारात. युवराजच्या बायकोनं जाऊन सांगितलं असणार.

"नाव वर पाठवू नगस गं. घसा धरलाय म्हणून लिही. खडेबाजारातला आपला शेठ लई भित्रा हाय, रोगाचं नाव ऐकलं तर लग्नसराईच्या साड्या शेडमधनं उचलायचाच न्हाय. बारा मागांवर दोन्ही पाळ्या मिळून चोवीस घरं हाईत. तुझंबी त्यातलंच एक."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ही खोली त्यांनीच मला दिली, शेजारचे तिघे जास्त द्यायला तयार असताना. मी फोन हातात घेऊन उभी राहिले. किती वेळ? घड्याळ बघितलं, चाळीस मिनिटं! त्या चाळीस मिनिटांत युवराज बाकावर श्वास ओढत होता. शेवटी त्याच्या श्वासाच्या आवाजानंच मी नंबर दाबला. नाव, वय, पत्ता, व्यवसाय, लक्षणं. पलीकडच्या बाईनं सगळं लिहून घेतलं आणि गाडी पाठवते म्हणाली. माझ्या आयुष्यातली पहिली सूचना!

दुपारी एकला जेवायला घरी गेले. आप्पाची पाळी दुपारी अडीचला सुरू होते, म्हणून ह्या एकाच वेळी आम्ही दोघं एकत्र बसतो. मी सगळं धडाधडा सांगितलं.

"परशरामला इचारलंस?"

"इचारायचं नसतंय आप्पा. कायदा हाय."

"कळवायचंच हुतं. पण आधी त्येला बसवून सांगायचं हुतंस. त्येनं जागा दिलीया तुला."

"चोवीस घरांसाठी त्यो युवराजला मारणार हुता!" मी म्हटलं. हे फार झालं, म्हणताक्षणीच कळलं. आप्पा अर्धी भाकरी ताटात टाकून उठला. मी माफी मागितली नाही.

५ फेब्रुवारी

नागराज आले, आरोग्य निरीक्षक. गोकाककडचे, घरची भाषा कन्नड, पण मराठी चांगलं बोलतात. युवराजला काल दुपारीच प्रतिविष टोचलं, म्हणजे जंतूच्या विषावरचा उतारा. वेळेत पोचला म्हणाले. मी बसल्या जागी टाळी वाजवली. ते हसले.

संपर्कातल्यांची यादी हवी होती. ती मी केली, आणि काय केली! पहिल्या पाळीचे बाकीचे अकरा जण, कोण युवराजच्या शेजारी, कोण त्याच्याबरोबर चहाला जातो, कोण त्याचा तंबाखूचा डबा वापरतो. शिवाय घरचे तिघे. नकाशाच काढून दिला.

"हौदा? असं का? आणि दुसरी पाळी?"

"त्यांची भेटच होत नाही साहेब. युवराज दोनला जातो, दुसरी पाळी अडीचला येते. मधला अर्धा तास शेडला कुलूप."

"छान काम केलं मॅडम तुम्ही," ते म्हणाले. यादीतल्या सगळ्यांचे घसे बघितले, गोळ्या दिल्या. मला कोणी सरकारी माणसानं मॅडम म्हणायची ही पहिलीच वेळ.

शेड चालू राहील, पण आणखी एक जरी रुग्ण निघाला तर बंद, असं त्यांनी अण्णांना सांगितलं. ही बातमी संध्याकाळपर्यंत दोन्ही पाळ्यांत पोचली.

७ फेब्रुवारी

लॅबमध्ये दोन दिवसांत एकही माणूस नाही. समोरच्या बोळातली शालूबाई, तीही मागावरचीच, मला बघून रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेली. "हितं गेलं की नाव वर जातंय," असं ती दुकानात म्हणत होती म्हणे. मी मायक्रोस्कोप पुसला. मग पुन्हा पुसला.

असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत लॅब टिकत नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आणि घरी अबोला! मी जेवायला पोचायच्या आत आप्पा जेवून माडीवर. काल जिन्यात समोरासमोर आलो तर नुसती मान हलवली आणि गेला. मी गेल्या वर्षी घेतलेला मफलर, जो "बायकी रंग" म्हणून त्यानं कधी घातला नव्हता, तो गळ्याभोवती गुंडाळला होता. भर दुपारी! म्हणजे राग तर आहे, पण लेकीचा मफलरही सोडवत नाही. मला हसू आलं. चार दिवसांत उतरेल.

८ फेब्रुवारी

बायाक्काला म्हटलं, त्याला सांग, मी त्या बोलण्याबद्दल अण्णांची माफी मागते. ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "त्येला आता काय सांगू नगस. गप ऱ्हाऊ दे म्हणालाय."

आप्पाला हल्ली भाकरीही नको, तांदळाची पेज पाहिजे. तीही अर्धी परत येते. रुसव्याचं हे नवं रूप! लहान असताना मी असं करायचे, तेव्हा हाच आप्पा पाठीत धपाटा घालायचा.

युवराज उठून बसला. त्याच्या बायकोनं निरोप पाठवला की तो पाणी प्यायला. आज दिवसभर मी गुणगुणत होते.

१० फेब्रुवारी

नीट, पहिल्यापासून लिहिते.

सकाळी अकराला नागराज आले. कल्चरचा अहवाल आला, घटसर्पच. माझा अंदाज बरोबर! पण ते खूश नव्हते. पहिल्या पाळीचे सगळे स्वच्छ निघाले, घरचेही. "मग त्याला कुठून आला मॅडम? आणि त्याच्यापासून कुठं गेला?" चहाचे पेले, पाण्याची घागर, तंबाखूचा डबा, सगळं पुन्हा विचारलं. मी सगळं पुन्हा सांगितलं. ते खोलीभर बघत होते. मग मायक्रोस्कोपशेजारी बोट दाखवून म्हणाले, "हे काय आहे हो? होडीसारखं?"

"धोटा. मागावर इकडून तिकडं पळतो, आडवा धागा टाकत."

"त्यातून धागा बाहेर कसा काढतात?"

"सोपं आहे. बघा," मी म्हटलं. कांडी बसवली, धोटा उचलला, भोकाला ओठ लावले.

आणि तिथंच थांबले. ओठ लाकडावर, आणि पुढं झुरका मारता येईना.

कांडी संपली की धागा असाच काढायचा. एका पाळीत किती वेळा, कोण मोजणार? आणि धोटा माणसाचा नसतो, मागाचा असतो. सकाळी एकाच्या तोंडात, दुपारी दुसऱ्याच्या. त्यांना भेटायची गरजच नाही. ज्या घरात दुसऱ्याच्या पेल्याला हात लावला तर बायाक्का पेला राखेनं घासते, त्या घरातली मी, आणि माझ्या मनातही आलं नाही. कारण धोट्याला उष्टं नसतं. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही, आम्ही ते धरूनच चाललो.

"सापडलं साहेब!" मी ओरडलेच. खरंच, त्या क्षणी मला फक्त आनंद झाला होता. "हेच! धोटा! दोन्ही पाळ्या एकच धोटा तोंडाला लावतात!"

नागराज उभे राहिले. "सात नंबरवर दुसऱ्या पाळीला कोण?"

मी तोंड उघडलं. मफलर. पेज. जिन्यात हललेली मान. गप ऱ्हाऊ दे.

"आप्पा," मी म्हटलं.

चप्पल न घालता पळाले. नागराज मागून जीप घेऊन आले. माडीवर आप्पा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मफलर काढला तर गळा दोन्ही बाजूंनी सुजलेला. बॅटरी मारली. करडा पापुद्रा, युवराजपेक्षा मोठा. ह्या वेळी मी उडी मारली नाही.

बायाक्का दारात रडत होती. "नाव निघालं तर शेड बंद हुतीया, आन् लोक म्हणतील लॅबवालीच्या घरातच रोग, तिची लॅब बुडंल, म्हणाला. दोन दिसांत बरं वाटंल म्हणाला. मी काय करू गं?"

तिनं लपवलं, आप्पानं लपवलं, पण यादी माझी होती. बारीक अक्षरांत, नकाशासकट, दुसरी पाळी पुसून.

जीपमधून फोन मीच केला. नागराज शेजारी असताना गरज नव्हती, पण मीच केला. तीच बाई होती.

"रुग्णाचं नाव?"

"नागोजी. वय छप्पन. विणकर. पत्ता वडगाव."

"रुग्ण तुमच्या ओळखीचे?"

"वडील," मी म्हटलं. आप्पाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ह्या वेळी घड्याळ बघायची वेळ आली नाही.

११ फेब्रुवारी

उतारा दिला. डॉक्टर म्हणाले, कालचा दिवस घरी गेला असता तर श्वासनळी बंद होत होती. हृदयावर अजून दोनेक आठवडे लक्ष ठेवणार. आत सोडत नाहीत. काचेतून हात केला, त्यानंही केला. मलाही गोळ्या आणि इंजेक्शन, बायाक्कालाही. लहानपणीची लस मोठेपणी पुरत नाही, हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

दुसऱ्या पाळीचे सगळे घसे तपासले. दोघांच्या स्वॅबमध्ये जंतू, अजून त्रास काही नाही. गोळ्या सुरू. नागराज म्हणाले, "अजून दोन दिवस गेले असते तर हे दोघंही दवाखान्यात असते मॅडम." मी म्हटलं, मॅडम म्हणू नका. मग माझी चूक सांगितली. ते म्हणाले, "यादी तुम्ही केली, पण सही माझी आहे." चांगला माणूस.

शेडला कुलूप. मागांचा आवाज नाही. मायक्रोस्कोपखालच्या रबराच्या चकत्यांची आता गरज नाही, पण काढल्या नाहीत.

१३ फेब्रुवारी

नर्सनं आप्पाची चिठ्ठी दिली. पेन्सिलीनं, केसपेपरच्या मागच्या बाजूला. अजून बोलायचं नाही असं सांगितलंय.

"अबोला न्हवता गं. आवाज न्हवता. पैल्या दिवशी रागावलतो, मग जिन्यात बोलायचं हुतं. परशराम यील, त्येला च्या दे."

दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

१५ फेब्रुवारी

परशरामअण्णा खरंच आले. मी काही बोलायच्या आत टेबलावर एक पुडकं ठेवलं. पितळी तारेचे आकडे, लाकडी मूठ लावलेले, पन्नासएक. उद्यमबागेत ओळखीच्या कारखान्यात दोन दिवस स्वतः उभं राहून करून घेतले म्हणे. भोकातून आकडा घालायचा, धागा अडकवायचा, ओढायचा. तोंड लावायचं नाही.

"माझ्या बाच्या येळंपासनं तोंडानंच वडतोय," ते म्हणाले. "माझा बा घशानंच गेला. आमी म्हनलं नजर लागली."

मी चहा दिला आणि त्या दिवशी त्यांच्या पाठीमागं आप्पाशी जे बोलले होते, त्याची माफी मागितली. त्यांनी हातानंच 'सोड' म्हटलं. शेठला त्यांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलंय. निम्म्या साड्या त्यानं नाकारल्या. निम्म्या घेतो म्हणाला.

१९ फेब्रुवारी

शेड उघडली! खटाखट! टेबल थरथरतंय, आणि मला इतकं बरं वाटतंय की मी भिंतीला हात लावून उभी राहिले. सगळे आकड्याला शिव्या देतायत, वेळ लागतो म्हणून. युवराज बघायला आला होता, अजून कामाची परवानगी नाही. आकडा कसा धरायचा हे कुणी न विचारता सगळ्यांना शिकवत होता.

आणि दुपारी दारात कोण? शालूबाई. पोरीला हाताला धरून.

"हिचा घसा दुखतोय कालपासनं. बघ. आन् असलं तर लगीच कळीव, माझ्या नवऱ्याला इचारत बसू नगस."

नुसती सर्दी निघाली. मला इतका आनंद झाला की मी पोरीला माझ्या डब्यातला लाडू दिला. नंतर आठवलं की आधी हात धुवायला पाहिजे होते. धुतले, आणि दुसरा दिला.

२४ फेब्रुवारी

आप्पा घरी आला. डॉक्टरांनी थोडं थोडं बोलायला परवानगी दिलीय. रिक्षात बसल्यापासून तो जे सुरू झाला ते थांबेना: दवाखान्यातली डाळ पातळ, शेजारचा घोरतो, रस्त्यात एवढे खड्डे कुणी पाडले, तुझं वजन का उतरलंय. आवाज अजून फाटका, मध्येच नुसती हवा येते. एरवी मी दर वाक्याला वाद घातला असता.

लॅबपाशी रिक्षा थांबवायला लावली. आत येऊन त्यानं आपला धोटा हातात घेतला आणि सवयीनं तोंडाकडे नेला. मी काही म्हणायच्या आत थांबला, माझ्याकडे बघितलं आणि टेबलावरचा आकडा उचलला. तीनदा चुकला, चौथ्यांदा धागा बाहेर आला.

मग भिंतीवरच्या यादीकडे बघत त्यानं विचारलं, "माझं नाव कळवताना थांबलीस काय गं?"

"न्हाय," मी म्हटलं.

"ब्येस," तो म्हणाला, आणि पुन्हा त्या डाळीवर आला.